पेढे कोणी न्यायचे?

*वाचकांची पत्रं, सिस्टरांची उत्तरं. सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं नोकरी करून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर या सदरात वाचकांशी बोलतात. पत्र लिहिणाऱ्यांची, पेशंटची आणि दवाखान्यांची नावं आम्ही छापत नाही.*

पत्र पहिलं

सिस्टरताईंना सप्रेम नमस्कार.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. सातारा जिल्ह्यातला. वय ६८. आमच्या मंडळी गेल्या भाद्रपदात गेल्या. अंडाशयाचा कॅन्सर होता, दोन वर्षं चाललं. आधी एका खाजगी दवाखान्यात होतो. तिथलं लिहीत नाही, लिहायला बसलो की हात थरथरतो. शेवटचे १९ दिवस सरकारी दवाखान्यात काढले.

तिथं रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, आमच्या धाकटीच्या वयाच्या. पोटातलं पाणी काढलं की मंडळींना धरून बसवायच्या, ओठ सुकले की ओला कापूस फिरवायच्या. पण मला लिहायचंय ते एकाच रात्रीचं. मी कॉटखाली चटई टाकून झोपायचो. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, चौथ्या रात्री ढाराढूर झोपलो. पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी सिस्टरनी खांद्याला हात लावून उठवलं. (वेळ लिहायची सवय आहे, वेबिल भरून भरून.) म्हणाल्या, ‘काका, उठा. चष्मा घाला. स्टुलावर बसा आणि काकूंचा हात धरा.’ मी म्हटलं, तोंड धुऊन येतो. तर म्हणाल्या, ‘नको. आत्ता बसा.’ बसलो. ४ वाजून ३५ मिनिटांनी मंडळी गेल्या. मला वाटतं त्यांनी माझी बोटं दाबली. मुलगा म्हणतो, तुम्हाला भास झाला.

नंतर त्याच सिस्टरनी त्यांचं अंग पुसलं. पुसताना त्यांच्याशी बोलत होत्या, ‘काकू, आता या कुशीवर घेते हं.’ औषधांनी केस गेले होते ते बोटभर परत आले होते. त्यावरून ओला कंगवा फिरवला आणि मला विचारलं, ‘काका, काकू भांग मधे पाडायच्या की बाजूला?’ लग्नाला ४३ वर्षं झाली आमच्या. मला पटकन सांगता येईना.

मंडळी शुद्धीवर होत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, भिशीचे पाच हजार रव्याच्या डब्यात आहेत, त्या पोरीला काहीतरी द्या. तेराव्यानंतर दोनदा दवाखान्याच्या गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. पाय उचलत नाही. भाच्याबरोबर पाकीट पाठवलं, ते तसंच परत आलं. पेढे न्यावेत तर लोक म्हणतील, बायको गेली आणि हा पेढे वाटतोय. आधीच ‘नशीबवान होती, कुंकू घेऊन गेली’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. मुलगा म्हणतो, ‘एवढं काय त्यात, पगार घेतात की.’

ताई, त्या सिस्टरना कसं कळलं हो? घड्याळ लावल्यासारखं उठवलं मला. आणि मंडळींनी सांगितलेलं मी आता कसं पुरं करू? घरात मॉर्फिनच्या गोळ्यांची एक पट्टी आणि हवेची गादीही पडून आहे.

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तीनही वेळा ‘चष्मा घाला’पाशी थांबले. इतक्या वर्षांत किती नातेवाइकांना पहाटे उठवलं असेल त्याची मोजदाद नाही, पण चष्म्याचं मला एकदाही सुचलं नाही. झोपेतून उठवलेल्या माणसाला चष्म्याशिवाय बायकोचा चेहरा धूसर दिसणार, हे त्या पोरीच्या पहाटे चारला, भरलेल्या वॉर्डात, सलाइनी बघता बघता ध्यानात आलं. कुठल्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत.

कसं कळलं ते सांगते. यात चमत्कार काही नसतो, बघून बघून नजर बसते. शेवट जवळ आला की श्वासाची चाल बदलते. दोन-चार खोल श्वास येतात, मग थांबतो. आपण मनात दहा मोजतो, पंधरा मोजतो, वाटतं झालं, आणि परत सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण पेशंट तेव्हा गुंगीत असतो, त्याला तिचा त्रास तितका होत नसावा असं आमचे डॉक्टर सांगायचे. लघवीची पिशवी भरेनाशी होते. तळपाय आणि गुडघे गार पडतात, त्यावर जांभळट जाळी उमटते. मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी होते, मग आम्ही कोपरापाशी चाचपतो. आणि अगदी शेवटी दर श्वासाला खालचा जबडा हलायला लागतो. तो हलायला लागला की माझ्यासारखी जुनी सिस्टर हातातलं काम टाकून नातेवाईक शोधायला निघते. तुमच्या सिस्टरनी बहुधा तेच पाहिलं असणार. तरीही आमचा अंदाज चुकतो, कधी तासांनी, कधी दिवसांनी. त्यांचा पाऊण तासाच्या आत बरोबर आला, यात थोडा नशिबाचाही भाग आहे.

आणि त्यांना दुसरंही एक कळलं होतं, ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्या रात्री तुम्हाला झोपू दिलं त्यांनी. बारा वाजता, दोन वाजता त्या कॉटपाशी आल्याच असणार, कूस बदलायला, गोळी द्यायला. खाली तुम्ही घोरत होतात. एरवी आम्ही सरळ हाक मारतो, काका जरा हात लावा म्हणून. नाही मारली. तेव्हा झोपलो होतो म्हणून मनाला लावून घेत असाल तर, तुम्ही लिहिलं नाहीत पण ओळींमधून वाचता येतं, ती झोप त्यांनी तुम्हाला जाणूनबुजून दिलेली होती.

आता माझी गोष्ट. ही मी या सदरात कधी लिहिली नव्हती.

१९८८ साल. नोकरीचं चौथं वर्ष. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, त्यामुळे रात्री बायकांना आत झोपायची परवानगी नव्हती. लिव्हर गेलेला एक माणूस होता, त्याची बायको बाहेर व्हरांड्यात पोत्यावर झोपायची. दोनच्या सुमाराला मला त्याचा श्वास बदललेला दिसला. उठवावं असं मनात आलंही. तेवढ्यात साप चावलेला एक पोरगा आला, सलाइन लावायला शीर सापडेना, डॉक्टर ओरडायला लागले. मी म्हटलं, हा सकाळपर्यंत काढेल. सव्वातीनला गेला. मग मी व्हरांड्यात जाऊन तिला उठवलं आणि सांगितलं. ती उठून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘उठवायचं की गं बाई.’

एवढंच. ना भांडली, ना तक्रार केली. त्याच्या बेडपासून व्हरांड्याच्या दारापर्यंत २२ पावलं होती. नंतर एकदा दुपारी वॉर्ड शांत असताना मोजली होती मी.

त्यानंतर रात्रपाळीला आले की आधी कोणाचं माणूस कुठं झोपलंय ते बघून ठेवायची सवय लागली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींनाही तेच सांगायचे: औषधांचा चार्ट घेताना नातेवाइकाची जागा पण घ्या. म्हणून भाऊ, तुमच्या सिस्टरनी केलं ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे. ड्युटी लिस्टमध्ये ‘नवऱ्याला वेळेवर उठवणे’ असं काम नसतं.

म्हणजे चिरंजीवांना उत्तर मिळालंच. पगार गोळी वेळेवर देण्याचा, कूस बदलण्याचा, कागद भरण्याचा असतो. तो घेतात आणि घ्यायलाच हवा. पण मुलावर रागावू नका. मला वाटतं त्याचा राग त्या पहिल्या दवाखान्यावर आहे आणि तो तुमच्या सिस्टरवर निघतोय. तिथली तक्रार करायची असेल तर जरूर करा, वेगळ्या कागदावर. तक्रार आणि आभार एका पत्रात घातले की साहेब लोक फक्त तक्रार वाचतात. उलट बाजूची चूकही करू नका. ‘देवी होत्या, साक्षात देवी’ असं लिहू नका. आम्हाला देवी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. देवीला डबल ड्युटी लावता येते, रजा द्यावी लागत नाही.

पाकीट परत आलं याचा अपमान मानू नका. सरकारी नोकराला पेशंटकडून रोख घेता येत नाही, १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. त्या मुलीनं नियमाला धरून केलं. पण मंडळींचा शब्द राहिलाय, तो पुरा करू.

आम्हाला एका प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली होती. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स म्हणून एक बाई होत्या. आधी नर्स, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं म्हणून दवाखान्यात समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर. १९४८ साली त्यांच्या ओळखीचा एक पेशंट कॅन्सरनं गेला, पोलंडहून आलेला, डेव्हिड तास्मा नावाचा. दोघं बोलत बसायचे, मरणाऱ्या माणसांसाठी नीट जागा असायला हवी म्हणून. जाताना त्यानं त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले. म्हणाला होता, तुमच्या घराची मी खिडकी होईन. घराचा तेव्हा पत्ता नव्हता. ते उभं राहिलं १९६७ साली, सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, आणि तिथं त्याची खिडकी आहे. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, त्यानंतर १९८६ ला निघालं.

तुम्ही कॉटखाली झोपलात ती चटई घरची होती ना? ज्यांच्याकडे नसते ते वर्तमानपत्र अंथरतात, थंडीच्या दिवसांत सुद्धा. भिशीच्या पैशातून त्या वॉर्डासाठी, पेशंटजवळ राहणाऱ्या माणसांसाठी, चटया आणि चादरी घ्या. मेट्रनना आधी विचारा, लेखी द्या, पोच घ्या. वस्तू रजिस्टरला चढल्या पाहिजेत, नाहीतर महिन्यात पाय फुटतात. हवेची गादी चांगली असेल तर तीही द्या, समाजसेवा अधीक्षकांना भेटलात तर ते गरजूला देतील. मॉर्फिनची पट्टी मात्र कोणालाही देऊ नका. शेजारच्या आजोबांची कंबर दुखते म्हणून एकही गोळी नाही. जिथून मिळाली तिथं परत करा.

आणि पत्र लिहा. हे पैशांपेक्षा महत्त्वाचं. दवाखान्याच्या अधिसेविकेला, म्हणजे आपण मेट्रन म्हणतो त्यांना. जिल्हा रुग्णालय असेल तर एक प्रत सिव्हिल सर्जनना. ‘अत्यंत उत्तम सेवा मिळाली, आभारी आहोत’ असलं लिहू नका. तसली पत्रं टाचणी लावून पडून राहतात. मला लिहिलंत तसं लिहा: पहाटे ३.५०, चष्मा, स्टूल, ओला कंगवा. सिस्टरचं पूर्ण नाव, तारीख, वॉर्ड. ते पत्र तिच्या वैयक्तिक फाइलला लागतं. ती कंत्राटावर असेल तर अकरा महिन्यांनी नवीन ऑर्डर निघताना तुमचा एक कागद तिच्या बाजूनं असेल. आणि वॉर्डातल्या मामांचं, मावशींचं नावही त्यात घाला. पहाटे स्ट्रेचर ओढायला कोणीतरी मामा आलेच असतील, खालची चादर धुवायला मावशी घेऊन गेल्या असतील. त्यांच्याबद्दल पत्र लिहिलेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलं. त्यातलं एक आमच्या मावशींनी लॅमिनेट करून घेतलं होतं, वाचता येत नसून.

पत्र पोस्टानं गेलं तरी चालेल. पण जमलं तर एकदा जा. का, ते सांगते. आमच्याकडे पेढे यायचे ते बाळंतिणींच्या वॉर्डातून आणि बरे होऊन घरी गेलेल्यांकडून. ज्यांचं माणूस गेलं ते परत येत नाहीत. आले तर मृत्यूच्या दाखल्यात नावाची चूक दुरुस्त करायला, नाहीतर विम्याच्या कागदांवर सही घ्यायला. ते खाली बघतात, आम्हीही खाली बघतो. मग पुढं त्या घरात काय झालं, म्हातारा जेवतो का, धाकटीचं लग्न झालं का, आम्हाला कधीच कळत नाही.

गेलात आणि सिस्टरनी ‘कोणता बेड?’ असं विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला नावं आठवत नाहीत, बेड आठवतात. ‘सतरा नंबर’ म्हणा, की चेहरा बदलेल बघा.

पेढे नकोत म्हणता, तर चिवडा न्या. रात्रपाळीला अडीच वाजता भूक लागते, तेव्हा गोड नको वाटतं. आणि चिवडा नेणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.

बोटं दाबली का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथं तुम्ही होतात, मुलगा नव्हता.

पत्र दुसरं

सिस्टर, माझे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. मला आत सोडलं नव्हतं. एक सिस्टर रोज संध्याकाळी स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. चेहरा कधी दिसला नाही, मास्क आणि काच. पीपीई किटवर मार्करनं नाव लिहिलेलं, ते कॅमेऱ्यात धड दिसायचं नाही आणि घाईत वाचायचं राहून गेलं. शेवटच्या कॉलला त्यांनी फोन मिस्टरांच्या कानाशी धरला आणि म्हणाल्या, ‘बोला ताई, ते ऐकतायत.’ मी काय बोलले? पाण्याची मोटार दुरुस्त करून घेतली म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांनी त्यांना शोधणं वेडेपणा आहे का? नंबर होता तो फोन बिघडल्यावर गेला.
– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, वेडेपणा मुळीच नाही, पण सापडतीलच असं सांगत नाही.

तुमच्याकडे नाव नाही, पण तारीख आहे, वॉर्ड आहे, वेळ आहे. दवाखान्यात कोण कुठल्या पाळीला होतं त्याचं ड्युटी रजिस्टर असतं. मेट्रनना लिहा: अमुक तारखा, अमुक वॉर्ड, संध्याकाळची पाळी, माझ्या पतीला व्हिडिओ कॉल लावून देणाऱ्या सिस्टर. मिस्टरांच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा, त्यावर नंबर असतो. नाव किंवा फोन मागू नका, तो त्या देणार नाहीत आणि देऊही नये. ‘हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचवा’ एवढंच म्हणा, तुमचा पत्ता खाली घाला.

अडचण एकच. त्या लाटेत बऱ्याच मुली तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेल्या होत्या. लाट ओसरली आणि त्यांना घरी पाठवलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण माझ्या शिकवलेल्यांपैकी दोघी त्यात होत्या. तुमच्या सिस्टर आज कुठल्या गावच्या दवाखान्यात आहेत, की हे कामच सोडलंय, कोणास ठाऊक. त्यामुळे पत्र लिहिताना असं लिहा की ते वॉर्डातल्या कोणालाही वाचता येईल. फलकावर लागलं आणि दुसऱ्याच कोणी वाचलं, तरी त्या दिवसांत फोन धरलेला हात तिचाही असू शकतो.

किटवरच्या नावाचं म्हणाल तर, एकमेकींना ओळखता येईना म्हणून मुली ते लिहायच्या. सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. घामानं शाई फुटायची.

मोटारीचं सांगितलंत ते उत्तम केलंत. कानाशी फोन धरून नातेवाईक काय बोलतात ते त्या मुलींनी खूप ऐकलंय. बहुतेक जण ‘काळजी करू नका, तुम्ही बरे होणार’ म्हणायचे, आणि माणसाला माहीत असायचं. तुमच्या मिस्टरांना घरातली एक खरी बातमी मिळाली.

पत्र तिसरं

मॅडम, मी स्वतः स्टाफ नर्स आहे, नोकरीला दीड वर्ष झालं. मागच्या आठवड्यात माझ्या ड्युटीत एक काका गेले. काकूंनी मला मिठी मारली आणि ‘तुझे उपकार फिटणार नाहीत’ म्हणाल्या. मी तर काहीच केलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी वैतागलेली होते, पुढच्या पाळीची रिलिव्हर आली नव्हती. आभार मानले की मला चोरी केल्यासारखं वाटतं. काय म्हणायचं असतं अशा वेळी?

उत्तर

बाळ, आधी हे सांग, रिलिव्हर आली नाही म्हणजे सलग बारा तास झाले ना तुला? मग वैतागलीस यात नवल काय.

तुला माझ्या मिस्टरांचं सांगते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. किडनी आणि हृदय, दोन्ही. आयसीयूत होते, पुढचं काही करायचं नाही असं डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं. मी शेजारी बसलेले. आणि इतकी वर्षं नोकरी केलेली मी बाई, नवऱ्याकडे बघायचं सोडून मॉनिटरकडे बघत होते. ऑक्सिजन ८२, आता ७९, आता ७६. आकडा पडला की तो टुणटुण वाजायचा, की माझा हात आपोआप सलाइनकडे जायचा. ड्युटीवर एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता, पोरगेलासाच. तो आला, मॉनिटरचा आवाज बंद केला, स्क्रीन भिंतीकडे वळवली आणि म्हणाला, ‘मॅडम, आज तुमची ड्युटी नाही.’ मग मी यांच्याकडे बघितलं. अर्ध्या तासानं ते गेले. तो अर्धा तास मला मिळाला.

आणि इतरांना आभाराची पत्रं लिहायला सांगणारी मी, त्या मुलाकडे जायला मला सव्वा वर्ष लागलं. गेटपर्यंत जाऊन परत येण्याचं वर भाऊंनी लिहिलंय, ते मी वाचलं तेव्हा मला आपलंच कोणी सांगितल्यासारखं वाटलं. शेवटी एका दुपारी गेले. ब्रदर कँटीनमध्ये सापडला. मी सगळं सांगितलं, स्क्रीन वळवलीस, असं म्हणालास, मला त्याचं काय वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तो अवघडून बसला, कानाची पाळी चोळत. मग म्हणाला, ‘मॅडम, रागावू नका, पण खरं सांगू का? सकाळपासून त्या टुणटुणीनं माझंच डोकं उठलं होतं.’

मी म्हटलं, असू दे. आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.